पंडित नैनसिंह रावत : पावलांनी देश मोजणारा शाळामास्तर

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी ज्ञातीतील कर्तबगार स्त्री-पुरुषांची चरित्रे प्रसिद्ध होतात, आणि ते योग्यच आहे. पहिला दिवा आपल्या देवघरात लावावा, हा आपला परिपाठच आहे. तथापि शेजारच्या अंगणातील दिव्याच्या उजेडानेही कधी कधी आपली वाट दिसते. म्हणून यंदा आपल्या ज्ञातीत न जन्मलेल्या, आपल्या प्रांतातही न जन्मलेल्या एका पुरुषाचे अल्पचरित्र ज्ञातिबांधवांपुढे ठेवण्याचे मी योजिले आहे. हा पुरुष व्यवसायाने शाळामास्तर होता, एवढाच त्याचा नि माझा संबंध. भूगोलाचा तास घेताना मी भिंतीवर तिबेटचा नकाशा टांगून मुलांना ल्हासा शहर काठीने दाखवीत असे. पण तो ठिपका त्या जागी प्रथम कोणी आणि कसा टाकला, हे मी वर्षानुवर्षे विचारले नाही. ही माझ्या शिकवण्यातील उणीव होती. तिची थोडी भरपाई या लेखाने व्हावी, अशी इच्छा आहे.

देशाच्या रक्षणासाठी जसे सैन्य लागते, तसे ज्ञानही लागते. सीमेपलीकडे डोंगर कोठे आहे, नदीला उतार कोठे आहे, कोणती खिंड कोणत्या महिन्यात उघडते, वाटेत दाणागोटा मिळतो की नाही, हे ज्याला ठाऊक नाही त्याची तलवार म्यानातच गंजते. आपल्या देशात या कामासाठी निरनिराळ्या संस्था वेळोवेळी निर्माण झाल्या. आजच्या गुप्तवार्ता विभागाचे मूळ 1887 साली स्थापन झालेल्या एका शाखेत आहे. 1962 आणि 1965 या दोन युद्धांच्या अनुभवानंतर परदेशविषयक वार्ता मिळविण्यासाठी 1968 साली ‘रॉ’ ही स्वतंत्र संस्था स्थापन झाली. 1999 च्या कारगिल युद्धानंतर तिन्ही सेनादलांच्या वार्ता एकत्र आणण्याची निकड पटली आणि 2002 साली डिफेन्स इंटेलिजन्स एजन्सी, म्हणजे संरक्षण गुप्तवार्ता संस्था, उभी राहिली. परंतु यांपैकी एकही कचेरी अस्तित्वात नव्हती तेव्हाही हे काम चालू होते, आणि ते चालत होते भूमापन खात्यात. 1767 साली स्थापन झालेले भारतीय सर्वेक्षण खाते हे मूलतः लष्कराच्या गरजेतून जन्मलेले खाते होय. त्याच्या साखळ्या आणि दुर्बिणी हिमालयाच्या पायथ्यापर्यंत पोहोचल्या, शिखरांची उंचीही दुरून मोजली गेली. पण शिखरांच्या पलीकडे काय आहे, हे नकाशावर कोरेच राहिले होते. ती कोरी जागा भरण्यास प्रारंभ करणारा माणूस म्हणजे पंडित नैनसिंह रावत.

नैनसिंहांचा जन्म 1830 साली कुमाऊंच्या जोहार खोऱ्यात झाला. हे खोरे आज उत्तराखंडातील पिथौरागढ जिल्ह्यात मोडते. गोरी गंगेच्या उगमाजवळ, हिमनदीच्या तोंडाशी मिलम नावाचे गाव आहे, तेथील हे रावत घराणे. हे लोक शौका अथवा भोटिया या नावाने ओळखले जातात. उन्हाळा-पावसाळ्यात वरच्या गावी राहावे, थंडी पडू लागली की गुरेवासरे, बायकामुले यांसह खाली उतरावे, आणि वर्षातून एकदा मेंढ्या-बकऱ्यांच्या पाठीवर धान्य, कापड, गूळ लादून खिंडी ओलांडून तिबेटात जावे व परतताना मीठ, लोकर व टाकणखार आणावा, असा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहार. घरी आपली भाषा आणि बाजारात तिबेटी भाषा हे तेथील मुलांना आपोआप येई. तिबेटी माणसाशी कसे बोलावे, कोणापुढे मान किती लववावी, चहा कसा घ्यावा, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नसे.

घरची स्थिती बेताची होती. तरुणपणी नैनसिंह वडिलांबरोबर तिबेटातील व्यापारी ठाण्यांवर हिंडले. पुढे 1855 साली श्लागिनट्वाइट या आडनावाचे जर्मन बंधू ईस्ट इंडिया कंपनीच्या वतीने हिमालयात शास्त्रीय संशोधनासाठी आले असता त्यांनी या चलाख तरुणाला हाताशी घेतले. त्यांच्याबरोबर हिंडताना नैनसिंहांना मोजमापाच्या उपकरणांचा प्रथम परिचय झाला. ते काम संपल्यावर 1858 साली ते मिलमच्या सरकारी शाळेत मुख्य शिक्षक झाले. आपल्याकडे शिक्षकाला मास्तर अथवा गुरुजी म्हणतात, तसे तिकडे पंडित म्हणत. जन्माने नव्हे, तर शाळेमुळे मिळालेले हे नाव त्यांना जन्मभर चिकटले आणि अखेर साऱ्या जगात तेच गाजले.

त्या काळी रशियाचे साम्राज्य मध्य आशियात पुढे सरकत होते आणि इंग्रज सरकारला उत्तर सीमेची धास्ती वाटू लागली होती. परंतु तिबेटात परक्यांना मज्जाव होता. गोरा माणूस दिसताच त्याला परत फिरवीत, आणि त्याहून पलीकडच्या प्रदेशात तर जिवाचीही शाश्वती नव्हती. उपरोक्त जर्मन बंधूंपैकी अॅडॉल्फ याचा 1857 साली काश्गर येथे शिरच्छेद झाला होता. सर्वेक्षण खात्यातील कॅप्टन माँटगोमेरी याने यावर तोड काढली. काराकोरम पर्वतरांगेतील ज्या शिखराला आज आपण के-टू म्हणतो, त्याला ते नाव देणारा हाच अधिकारी. जेथे गोऱ्याला वाट नाही, तेथे यात्रेकरू आणि व्यापारी बिनबोभाट जातात, हे त्याने हेरले. 1863 साली त्याने मोहम्मद-इ-हमीद नावाच्या एका मुसलमान कारकुनाला शिकवून यारकंदला धाडले. हमीदने काम चोख बजावले, पण परतीच्या वाटेवर त्याला मृत्यूने गाठले. त्याच्या टिपणांवरून यारकंदचे स्थान निश्चित झाले. या कामातील हे पहिले बलिदान होय, आणि त्याचे नाव आज फार थोड्यांना ठाऊक आहे.

त्याच वर्षी नैनसिंह व त्यांचे चुलतभाऊ मणिसिंह यांची निवड झाली. तेहतीस वर्षांचा हा गृहस्थ स्वतः शिकवण्याचे काम सोडून देहरादूनला पुन्हा विद्यार्थी झाला. सुमारे दोन वर्षे त्यांनी सेक्स्टंट या कोनमापक यंत्राने ताऱ्यांची उन्नती मोजणे, होकायंत्राने दिशा घेणे, पाणी किती अंशांवर उकळते यावरून जागेची उंची काढणे, या विद्या शिकल्या. परंतु सर्वांत अवघड विद्या होती ती चालण्याची. चढ असो, उतार असो, वाळू असो वा बर्फ, पाऊल सारख्या लांबीचे पडले पाहिजे. सुमारे दोन हजार पावलांचा एक मैल व्हावा, अशा बेताने त्यांच्या पायांना वळण लावले गेले.

आता ही पावले मोजायची कशी? येथे योजकाची कल्पकता पाहण्यासारखी आहे. जपमाळेत 108 मणी असतात, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. नैनसिंहांच्या माळेत 100 च मणी होते. शंभर पावले झाली की एक मणी ओढावयाचा, माळ पुरी झाली की दहा हजार पावले, म्हणजे सुमारे पाच मैल. बघणाऱ्याला वाटे, भाविक यात्रेकरू जप करीत चालला आहे. हातातील प्रार्थनाचक्रात मंत्राच्या पट्टीऐवजी टिपणांचे कागद गुंडाळलेले असत. पारा कवड्यांत भरून मेणाने बंद केलेला असे. रात्री तो लाकडी वाटीत ओतला की त्याचा सपाट पृष्ठभाग आरशासारखे काम देई व ताऱ्याची उन्नती मोजता येई. पेटीला चोरतळ होते आणि त्यात यंत्र दडविलेले होते.

1865 सालच्या प्रारंभी दोघे भाऊ निघाले. नेपाळमार्गे तिबेटात शिरण्याचा पहिला प्रयत्न फसला. किरोंग येथील अधिकाऱ्यांना संशय आला आणि त्यांना काठमांडूला परतावे लागले. मणिसिंह तेथून मागे फिरले. नैनसिंहांनी वेश बदलला, केसांना वेणी जोडून लडाखी व्यापाऱ्याचे रूप घेतले आणि ते एकटेच पुन्हा निघाले. सीमा ओलांडल्यावर मानसरोवराकडे जाणाऱ्या तांड्याबरोबर थोडे अंतर गेले, मग आजाराचे निमित्त करून मागे राहिले आणि ल्हासाकडे निघालेल्या लडाखी व्यापाऱ्यांच्या तांड्यात सामील झाले. शिगात्से येथे पंचेन लामांच्या मठात इतर यात्रेकरूंबरोबर त्यांना दर्शनास जावे लागले. लामा मनातले ओळखतात, अशी तेथे श्रद्धा होती. वेशांतर केलेल्या माणसाच्या छातीत त्या वेळी किती धडधडले असेल! पण पुढे पाहतात तो एक लहान मुलगा गादीवर बसलेला. त्याने आशीर्वाद दिला आणि प्रसंग निभावला.

जानेवारी 1866 मध्ये नैनसिंह ल्हासाला पोहोचले. तेथे सुमारे तीन महिने त्यांचा मुक्काम होता. दिवसा बाजारात हिंडावे, मठ पाहावे, भाव, चालीरीती, पहारे, शिबंदी यांची माहिती मनात साठवावी आणि रात्री कोणाची चाहूल नाही असे पाहून तारे मोजावे, असा क्रम चालला. दलाई लामांचेही दर्शन त्यांना घडले. तेही त्या वेळी बालवयातच होते. हवेची थंडी आणि उघडकीस येण्याची भीती यांच्यामध्ये बसून त्यांनी जी निरीक्षणे घेतली, त्यांवरून ल्हासाचे अक्षांश 29 अंश 39 कला असे निघाले. आजचे अचूक मापनही तेच सांगते.

दरम्यान जवळचा पैसा आटला. अशा वेळी त्यांना तारले ते त्यांच्या मूळ व्यवसायाने. ल्हासातील नेपाळी व्यापाऱ्यांना ते आपल्याकडील पद्धतीने हिशेब शिकवू लागले व त्यावर त्यांनी पोट भरले. जगाच्या पाठीवर मास्तराला कोठेही विद्यार्थी मिळतात, याचे याहून सुंदर उदाहरण माझ्या वाचनात नाही. दोघा काश्मिरी मुसलमान व्यापाऱ्यांनी त्यांचे खरे स्वरूप ओळखले होते. पण त्यांनी वाच्यता केली नाही, उलट घड्याळ गहाण ठेवून घेऊन उसने पैसे दिले. पुढे एके दिवशी किरोंगचा तोच अधिकारी ल्हासाच्या रस्त्यात दृष्टीस पडला. त्याच सुमारास एका चिनी इसमाचा भर रस्त्यात शिरच्छेद झालेलाही त्यांनी पाहिला. तेव्हापासून त्यांनी बाहेर पडणे कमी केले. एप्रिल महिन्यात लडाखी तांडा परत निघाला, त्याच्याबरोबर ते त्सांगपो नदीच्या काठाने मानसरोवरापर्यंत मोजीत आले आणि ऑक्टोबर 1866 मध्ये देहरादूनला पोहोचले.

या एका प्रवासात सुमारे 1,200 मैल वाट मोजली गेली. पावले झाली पंचवीस लाख. दर दहा हजारांस एक याप्रमाणे हिशेब केला, तर माळेची अडीचशे आवर्तने होतात. त्यांतील एकेक मणी खरा होता. चुकलेला आकडा अंदाजाने भरून काढला असता, तर त्या निर्जन वाटेवर त्यांना विचारणारा कोण होता? साहेब देहरादूनला, साक्षीला फक्त आकाश. तरीही त्यांनी खोटा मणी ओढला नाही. आपण ज्याला सचोटी म्हणतो, ती याहून निराळी काय असते?

1867 साली ते मणिसिंह व कल्याणसिंह या भाऊबंदांसह माना खिंडीतून पुन्हा तिबेटात गेले आणि पश्चिमेकडील ठोक जालुंग येथील सोन्याच्या खाणींची माहिती घेऊन आले. सोळा हजार फुटांहून उंच असलेल्या त्या पठारावर वाऱ्याच्या भयाने मजूर खड्ड्यांत तंबू ठोकून राहत. पुढल्याच वर्षी लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सोन्याचे घड्याळ बक्षीस दिले. गंमत अशी की, सेवेत असेपर्यंत गुप्ततेसाठी त्यांचे खरे नाव प्रसिद्ध करीत नसत. विलायतेतील विद्वान ज्याची वाहवा करीत होते, त्याचे नाव त्यांना केवळ पंडित एवढेच ठाऊक होते.

यानंतर काही काळ त्यांनी नव्या उमेदवारांना शिकविण्यात घालविला. त्यांचे चुलतभाऊ किशनसिंह यांनी पुढे 1878 ते 1882 या काळात तिबेट ओलांडून थेट चीनच्या तुन्‌हुआंगपर्यंत जी अद्भुत यात्रा केली, तिच्यामागे या घराण्याचीच शिकवण होती. नैनसिंहांनी अक्षांश-दर्पण या नावाचा एक ग्रंथही हिंदीत लिहिला. आपल्याला आलेले आपल्यापाशीच न ठेवता आपल्या भाषेत पुढच्यांना द्यावे, ही शिक्षकाची वृत्ती त्यांनी सोडली नाही.

1873 साली ते यारकंदच्या शिष्टमंडळाबरोबर गेले आणि जुलै 1874 मध्ये आपल्या शेवटच्या व सर्वांत मोठ्या प्रवासास निघाले. लेहहून निघावयाचे, उत्तरेकडील अज्ञात पठारावरून ल्हासाला जावयाचे व शक्य तर पूर्वेकडून हिंदुस्थानात उतरावयाचे, अशी आज्ञा होती. या वेळी लामाचा वेश घेतला, सामान मेंढ्यांच्या पाठीवर लादले. वाटेत सरोवरांमागून सरोवरे लागली, ती नकाशावर प्रथमच आली. नोव्हेंबरात ल्हासा गाठले, पण ओळखले जाण्याचा धोका दिसताच दोनच दिवसांत ते सोडले. तवांग येथे अधिकाऱ्यांनी त्यांना दीड महिन्याहून अधिक काळ अडकवून ठेविले. अखेर 1 मार्च 1875 रोजी ते आसामात उदलगुडी येथे उतरले. ही वाट सुमारे 1,400 मैलांची होती आणि तिचा बहुतेक भाग पूर्वी कोणी मोजलेला नव्हता. बर्फावरील चकाकीने आणि रात्रीच्या निरीक्षणांनी त्यांची दृष्टी एव्हाना अधू झाली होती, प्रकृतीही ढासळली होती. त्यांनी प्रत्यक्ष प्रवासाचे काम थांबविले. 1877 साली रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने आपले सुवर्णपदक त्यांना अर्पण केले. सरकारने सी. आय. ई. ही पदवी व रोहिलखंडात एक गाव इनाम दिले.

चरित्र लिहिताना नायकाची केवळ आरती ओवाळणे मला रुचत नाही. म्हणून दोन प्रश्न येथे मांडणे आवश्यक वाटते.

पहिला प्रश्न असा की, हे सारे कोणाच्या हितासाठी झाले? नैनसिंह ज्या राज्याची सेवा करीत होते ते आपले राज्य नव्हते. त्यांच्या टिपणांवरून जे नकाशे झाले, ते इंग्रजांच्या दप्तरी गेले. 1904 साली इंग्रजांची फौज ल्हासात शिरली. वाटेत गुरू या ठिकाणी जुनाट बंदुका घेतलेले शेकडो तिबेटी मारले गेले. ज्या प्रदेशात एका यात्रेकरूला आशीर्वाद मिळाला होता, तेथे चाळीस वर्षांच्या आत तोफा गेल्या. मोजणाऱ्याचे पाऊल शुद्ध असले, तरी मोजणी कोणाच्या हाती पडेल हे त्याच्या हाती नसते.

दुसरा प्रश्न विश्वासाचा. वेशांतर करणारा माणूस आपला जीव धोक्यात घालतो, हे खरे, पण तो दुसऱ्याचाही घालतो. नैनसिंहांनंतर बंगालचे शरच्चंद्र दास हे 1879 व 1881 साली तिबेटात जाऊन आले. त्यांना आश्रय देणाऱ्या सेंगचेन लामा या विद्वान धर्मगुरूला पुढे त्या अपराधाबद्दल 1887 साली नदीत बुडवून देहान्त शासन देण्यात आले. पाहुण्याने पदक मिळविले आणि यजमानाने प्राण दिले. नैनसिंहांना उसने पैसे देणारे ते दोन काश्मिरी व्यापारी उघडे पडले असते, तर त्यांचीही हीच गत झाली असती. गुप्तवार्तेच्या कामाची थोरवी सांगताना ही किंमत विसरता कामा नये. देशाला असे काम करावेच लागते, परंतु ज्याच्या दाराशी आपण पाणी पितो त्याचे ऋण डोक्यावर राहते.

मग नैनसिंहांचे आपण काय घ्यावे? माझ्या अल्प मतीप्रमाणे दोन गोष्टी घ्याव्यात.

एक, ज्ञातीचे परंपरागत ज्ञान ही संपत्ती आहे. जोहारच्या शौकांना खिंडी, भाषा, व्यापार यांचे ज्ञान पिढीजात होते, पण त्याला शाळेची जोड मिळाली तेव्हाच त्यातून नैनसिंह निर्माण झाले. पुढे 1962 च्या युद्धानंतर तो तिबेटी व्यापार बंद पडला, वरची गावे ओस पडू लागली. परंतु जे लिहून ठेवले गेले ते टिकले. नैनसिंहांनी आपल्या रावत मंडळींचा इतिहासही लिहून ठेविला होता. आपल्या घराघरांतील वडीलधाऱ्यांपाशी जे हुन्नर, जे शब्द, ज्या हकीकती आहेत, त्या त्यांच्याबरोबर जाऊ नयेत असे वाटत असेल, तर आजच वही-पेन्सिल घेऊन त्यांच्याजवळ बसले पाहिजे. मंडळाच्या तरुणांनी हे काम अंगावर घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

दोन, कोणी पाहत नसतानाही मणी खरा ओढावा. मंडळाच्या जमाखर्चात, दुकानाच्या तागडीत, परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत, कचेरीच्या कागदात, सर्वत्र हीच कसोटी आहे.

2004 साली आपल्या टपाल खात्याने नैनसिंहांचे तिकीट काढले. सेवेत असताना ज्याचे नाव लपवून ठेवावे लागले, त्याचे नाव आणि चेहरा असे घरोघरी पोहोचले. त्या तिकिटावर त्यांच्या ज्ञातीचा उल्लेख नाही, आणि तो असण्याचे कारणही नाही. मनुष्य ज्ञातीत जन्मतो, पण त्याचे काम खरे असेल तर ते सर्वांचे होते. आपल्या ज्ञातीतूनही असे सर्वांचे होणारे पुरुष आणि स्त्रिया निर्माण होवोत. आणि यापुढे आपल्या घरी एखादे मूल नकाशा उघडून बसले, तर त्याला ल्हासाचा ठिपका दाखवून हेही सांगावे की, तो मिलमच्या एका शाळामास्तराने पायी चालत जाऊन तेथे टाकलेला आहे.